मागं दिसतंय का?

मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसांनी लिहिलेलं मी थोडंफार वाचलं आहे. सगळे देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानून मोकळे होतात. मीही मानीन, पण आधी मला माझं म्हणणं मांडू द्या. मी धंद्यातला माणूस आहे. वस्तू हातात आली की ती कुणाकडून आली आणि तिच्या बदल्यात काय गेलं, हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. आज जो अंथरुणावर पडून आहे, ज्याच्या डोक्यावर बर्फाची पिशवी आहे, त्याने हे वाचावं किंवा कुणाकडून वाचून घ्यावं. उपयोग होईल. घाबरायला झालं तर तेही चालेल, मी घाबरलोच होतो.

*

माझा धंदा तंबूतल्या सिनेमाचा. नदीचं पाणी आटलं की नाशकात गोदावरीच्या वाळूत आमचा तंबू उभा राही. एरवी जत्रांच्या मागे गावोगाव. मूकपटांचे दिवस होते. पडद्यावरची माणसं ओठ हलवत आणि त्यांचं बोलणं मी बोलत असे. राजा मी, राणी मी, राक्षस मी, खिंकाळणारा घोडाही मीच. लोक मला बोलके मास्तर म्हणत. रघुनाथ माझा भागीदार. मशीन त्याचं, तंबू आणि तोंड माझं.

पडदा तंबूच्या मधोमध असे. मशीनच्या बाजूला बाकं आणि खुर्च्या. पडद्याच्या मागे नुसती जमीन, तिथे अर्ध्या तिकिटाचे लोक बसत. कोरड्या कापडातून चित्र मागे उमटत नाही, म्हणून खेळाआधी बादलीने पाणी मारून पडदा भिजवायचा. ओल्या कापडातून उजेड आरपार जातो. मागच्यांना सगळा खेळ दिसे, फक्त आरशात दिसतो तसा उलटा. अक्षरं उलटी, नायक डावखुरा. या धंद्यात मी त्या बादलीच्या कडीला धरूनच शिरलो. कुणी हात दिला नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून.

पडदा भिजला आणि मशीनचा कोरा उजेड त्यावर पडला की मी कडेच्या तिपाईवर चढून ओरडायचो, "मागं दिसतंय का?"

मागून एका आवाजात यायचं, "दिसतंय!"

तो आवाज आल्याशिवाय मी खेळ सुरू करू देत नसे. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत अंधार. त्या अंधारात वेळ मारून नेणं हे माझं खरं कसब. नकला करायच्या, कोडी घालायची, पुढच्या रांगेतल्या एखाद्या मिशीवाल्याशी मुद्दाम भांडायचं. मी बोलत असेपर्यंत अंधार माझ्या ताब्यात असे.

*

डोकं आठवडाभर दुखत होतं. मी लक्ष दिलं नाही. दुखण्याकडे लक्ष दिलं की ते भाव वाढवतं, असं माझं मत होतं.

त्या संध्याकाळी खेळात एक बाई नदीवर येते असा प्रसंग होता. मी खच्चून आवाज लावला, "बुडाली हो, बुडाली! लेकराची माय गेली!" तंबूत हशा झाला. डोळे चोळून पाहिलं तर बाई काठावर बसून केस विंचरत होती.

"मास्तर, जित्या बाईला कशाला मारताय?" कुणीतरी ओरडलं.

बाई पुढच्या रिळात बुडणारच होती. मला ते पाठ होतं. पण मी एक रीळ आधी बोलून गेलो होतो. मी चिडून त्या ओरडणाऱ्याला शिव्या द्यायला लागलो आणि तिसऱ्या शिवीला तिपाईवरून खाली आलो. पुढचं आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले, "टायफॉइड. मुदतीचा ताप आहे."

"मुदत किती?"

"ती त्याची तो ठरवतो."

"पंधरवड्यात भागवा डॉक्टर. तंबू उभा आहे माझा."

"ही भाजी मंडई नव्हे," डॉक्टर म्हणाले. "याच्यावर औषध नाही. पडून राहायचं, पातळ पदार्थांवर राहायचं आणि सांगेपर्यंत घन काही पोटात घालायचं नाही. आतडी कागदासारखी झालेली असतात. एक घास जीव घेतो."

माझी बायको सरू माझ्या उशाशी उभी होती. ती निफाडकडची, बोलायला सडेतोड. तिने पदराने डोळे पुसले आणि डॉक्टरांना म्हणाली, "यांना गप्प पडा म्हणून तेवढं सांगा. माझं नाय ऐकत."

रघुनाथने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू जा रे निवांत. तंबू मी बघतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

*

वॉर्ड लांबलचक होता, पश्चिमेला उंच खिडक्या. दिवसाचा क्रम ठरलेला. सकाळी ओल्या फडक्याने अंग पुसणं, मग नासवलेल्या दुधाचं पाणी, दुपारी बार्लीचं पाणी, संध्याकाळी पुन्हा तेच. माझं डोकं भादरलं होतं. न्हाव्याला मी म्हणालो, "अर्धंच डोकं आहे ताब्यात, अर्धंच भादर." तो हसला नाही. तिथे कुणी फारसं हसत नसे.

आणि एक पडदा होता. लाकडी चौकटीला पांढरं कापड ताणून बसवलेलं, खाली चाकं. एखाद्याची वेळ भरत आली की सिस्टर तो ढकलत आणून त्याच्या खाटेभोवती लावत. चाकांचा चिवचिवाट ऐकला की सगळा वॉर्ड छताकडे बघायला लागे. पडदा लागलेला माणूस मी त्यातून बाहेर येताना पाहिला नव्हता.

माझ्या शेजारच्या खाटेवर मालेगावचे एक म्हातारे विणकर होते. रहीमचाचा. नाशकात लेकीकडे आले आणि इथेच तापाने धरलं. त्यांचा ताप उतरत आला होता, माझा चढत होता. माझं नाव कळल्यावर ते उठून बसायलाच लागले.

"बोलके मास्टर? या अल्ला! मास्टर, खरं सांगू? मी जिंदगीत एक पण खेळ सीधा नाय पाहिला. सारी उमर पीछे."

"मग अर्धंच तिकीट दिलंत की सारी उमर."

"पण पुरा खेळ पाहिला ना! आणि गर्मीत तिकडं मजा. ओल्या पडद्याची थंडी आमच्याकडं. पुढचे सेठ लोक घाम पुसत बसायचे."

आम्हा दोघांचं जमलं. सरू त्यांनाही पाणी पाजी. एका दुपारी त्यांनी मनात धरलेली गोष्ट बाहेर काढली.

"एक खेळ अधुरा राहिला मास्टर. तुमच्याच तंबूत, मालेगावला. आखरी रीळ बाकी होतं आणि वावटळ आली. तंबू गेला उडून. तेव्हापासून डोक्यात आहे, त्या माणसाचं काय झालं?"

"कुठल्या माणसाचं?"

"बीमार असतो ना तो. पलंगावर पडलेला. पायाशी बायको बसलेली. पाणी मागतो."

वावटळ मला आठवत होती. तो खेळ आठवत नव्हता. मी दाखवलेलं प्रत्येक रीळ मला तोंडपाठ होतं, झोपेतही म्हणून दाखवलं असतं. असा खेळ आमच्याकडे कधी आलाच नव्हता. पण ठाऊक नाही असं गिऱ्हाइकाला सांगणं माझ्या रक्तात नाही. शिवाय माझ्या डोक्यातली भट्टी पेटली होती.

"सांगतो की शेवट," मी म्हणालो. "पण फुकट नाही. तुमच्या वाटणीचा बर्फ मला द्या."

चाचा खुशीत हसले. त्यांच्या पिशवीतला बर्फ सरूने माझ्या पिशवीत भरला. कपाळाला तो गारवा लागला तेव्हाचं सुख मी अजून विसरलो नाही. सगळ्या आजारात तेवढंच एक खरं सुख.

"आता बोला."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

पुढल्या दिवशीही बर्फ घेतला. शेवट सांगितला नाही. होताच कुठे माझ्याकडे?

*

त्यानंतरचे दिवस माझे नाहीत. वात होऊन मी भ्रमात होतो असं म्हणतात. मला आठवतं ते एवढंच.

डोळे उघडले तर तिन्ही बाजूंनी पांढरं कापड होतं. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं आणि कापडावर सावल्या होत्या. एक सावली खाटेवर आडवी. एक पायाशी बसलेली, डोक्यावर पदर. आणि पलीकडून कुणीतरी बोलत होतं.

"मंडळी, आता नीट पाहा. हा माणूस पलंगावर पडला आहे. त्याची बायको पायाशी बसली आहे. आता तो पाणी मागेल."

मी पाणी मागितलं.

आवाज माझा होता. शब्द लांबवायची ढब माझी, 'मंडळी'वरचा झोक माझा. पण माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी बोलत नव्हतो.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"मास्तर बोलतोय."

"मास्तर मी आहे."

"तुम्ही पडद्यावर आहात," आवाज समजूत घातल्यासारखा म्हणाला. "पडद्यावरचा माणूस नुसते ओठ हलवतो."

तेव्हा मला तो खेळ ओळखू आला. आणि जन्मात पहिल्यांदा, समोरच्या खेळात पुढे काय आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि सांगणाऱ्याला होतं. ती भीती मी शब्दांत मांडू शकत नाही. आयुष्यभर मी त्या दुसऱ्या जागेवर उभा होतो.

भीती वाटली की मी भाव करतो. दुसरं मला येत नाही.

"कितवं रीळ आहे?"

"शेवटचं. चढवून ठेवलंय."

"मध्ये अंधार असतो. तेवढा वेळ माझा. मी बोलतो, तू थांब."

"आता अंधार होत नाही मास्तर. मशीन दोन झाली."

"मग इकडं दाखवू नको," मी म्हणालो. "मागं दाखव. मागच्याला शेवट पाहायचाय. त्याने मोल दिलंय, रोज बर्फ दिलाय."

आवाज म्हणाला, "पडदा कोरडा आहे."

"पाणी मी मारतो."

"ठरलं?"

"ठरलं."

मी कुठल्याही सौद्यात एकदा तरी उठून चालायला लागतो, मग परत येतो, मग ठरतं. इतक्या लवकर 'ठरलं' मी कधीच म्हटलेलं नव्हतं.

उशाशी बार्लीच्या पाण्याचा तांब्या होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला. कसा उचलला देव जाणे, मला कूस बदलवत नव्हती. जुन्या सवयीने मनगटाला झटका देऊन मी सगळं पाणी कापडावर मारलं. कापड भिजलं आणि उजेड आरपार गेला. पलीकडे रहीमचाचा आपल्या खाटेवर ताठ बसले होते. हात छातीवर, डोळे माझ्यावर. तंबूत पुढच्या रांगेतला माणूस बसतो तसे.

"मागं दिसतंय का?" मी ओरडलो.

"दिसतंय!" चाचा म्हणाले.

*

पुढचं मला सरूने सांगितलं, मी शुद्धीवर आल्यावर. चाचांची खाट तेव्हा रिकामी होती. गादी उन्हात टाकली होती.

"ते घरी गेले?"

सरूने माझं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "गेले."

थोड्या वेळाने मला कळलं की घरी नव्हे.

"पडदा तुम्हाला लावला होता," ती म्हणाली. "सिस्टर म्हणल्या, बाई, आता जवळच बसून राहा. तुमचे नुसते ओठ हलत होते."

"आवाज?"

"आवाज कुठला? एक अक्षर नाय. पण चाचा तिकडून ऐकत व्हते. मधेमधे हां हां करायचे, जसं कुणी गोष्ट सांगतंय. मला वाटलं, म्हातारा पण गेला कामातून. मग तुम्ही तांब्या उचलला. सगळं पाणी पडद्यावर, माझ्या अंगावर. आणि वरडलात. केवढ्यानं! सिस्टर धावत आल्या, लय बोलल्या मला. ओला पडदा बाजूला घेतला, बघतात तर तुमच्या कपाळाला घाम. ताप उतराया लागला व्हता."

"आणि चाचा?"

"हसत व्हते. मला म्हणले, बेटी, मास्टरला सांग, आज पहिल्यांदा सीधा दिसला." सरूने पदर तोंडाशी धरला. "मग घटकाभरात पोट धरून वाकडे झाले. सिस्टरने तोच पडदा त्यांना नेऊन लावला. वाळलाबी नव्हता."

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. चाचांच्या गावाकडून कुणी भेटायला आलं होतं आणि त्याने मायेने पाव आणला होता. चाचांनी तो उशीखाली लपवून खाल्ला. आतडं फाटलं. आजारी माणसांनो, हे कान देऊन ऐका. ताप असताना माणूस मरत नाही तितका ताप उतरल्यावरच्या भुकेने मरतो. ती भूक पुढे मला लागली तेव्हा मी उशीचा अभ्रा चावला, पण सरूने दिल्याखेरीज कण खाल्ला नाही. भेटायला जाणाऱ्यांनो, माया हातात घेऊन जाऊ नका, रिकामे जा.

पावाने मेले. मीही तेच म्हणतो. कुणी विचारलं तर आधी तेच सांगतो. पण त्यांना सीधा दिसला तो कोणता खेळ? आणि त्यांना सीधा दिसला असेल, तर पडद्याच्या मागच्या बाजूला त्या वेळी कोण होतं?

*

आता रघुनाथ.

काठीला धरून मी नदीवर गेलो. तंबू होता, पण दारावर नवी पाटी: बोलपट. आत एकाऐवजी दोन मशीन. माझी तिपाई तिकिटं फाडणाऱ्याच्या बुडाखाली. आणि पडद्यामागे, जिथे अर्ध्या तिकिटाचे लोक बसायचे, तिथे माणसाच्या उंचीचा एक कर्णा ठेवलेला. आवाज तिथून यायचा म्हणे.

"माझी जागा?" मी विचारलं.

"मास्तर, आता चित्रंच बोलतात."

"मी दवाखान्यात असताना? मला न विचारता?"

"विचारायला आलो होतो!" रघुनाथही चिडला. "सिस्टर म्हणाली, पडदा लागलाय. मग कुणाला विचारू? वहिनींना? लोकांना सांगून बसलो, मास्तर गेले."

"सांगितलंस? मी मेलो म्हणून?"

"सगळ्यांनी हळहळ केली रे. चांगलं बोलले तुझ्याबद्दल."

मी काठी उगारली. सरू मध्ये पडली म्हणून तो वाचला. मी जिवंत असताना मला मेला म्हणून जाहीर केलं. एक रीळ आधी. हे मी त्याला कधी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. भागीदारी मात्र मोडली नाही. मोडली असती तर त्याचाच फायदा होता. आम्ही दिवसभर घासाघीस केली. त्याला वाटलं मी मोठा वाटा मागीन, कामावर माणूस म्हणून ठेवून घे म्हणीन. मी मागितलं एवढंच, की कर्णा बाजूला सरकव आणि मागची जमीन मोकळी ठेव. आणि खेळाआधी पडदा मी भिजवणार.

"मागं कोण बसणार?" तो चक्रावला. "आता ते तिकीट आपण विकत नाही."

"नको विकू."

"पाण्याने पडदा कुजतो."

"माझ्या वाट्यातून नवा घे."

मी स्वतःहून काही देऊ केलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं. "तापाने डोकं गेलंय तुझं," म्हणाला, आणि कबूल झाला.

तेव्हापासून हेच माझं काम आहे. ताकद परत आली आहे, केस आले आहेत, आवाज पहिल्यासारखा खणखणीत आहे. पण बोलायचं मी सोडलं. सुरुवातीला मी बोलपट मशीनच्या बाजूने, खुर्चीत बसून पाहिले. लोक रंगून जात. मला मात्र सगळी माणसं डावखुरी दिसत. डोळे तपासून घेतले, काही दोष नाही. म्हणून एकदा उठून मागे गेलो, ओल्या पडद्याच्या थंडीत जमिनीवर बसलो. तिथून खेळ सुलटा दिसला. अक्षरंसुद्धा वाचता आली. हे मी सरूखेरीज कुणाला सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मग तिकडंच बसत जा." पण मी तिथे फार वेळ बसत नाही. ती जागा मोल दिलेल्याची आहे.

रोज संध्याकाळी मी बादली भरतो. मनगटाला झटका देऊन पाणी मारतो. रघुनाथचा माणूस मशीनचा कोरा उजेड टाकतो आणि मोकळी जमीन उजळते. मग मी कडेला उभा राहून विचारतो, "मागं दिसतंय का?"

आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून येतो.